अभिरूप न्यायालय आणि पेटंटचा वाद : एका अध्यापनपद्धतीची चिकित्सा

१

कायद्याच्या अध्यापनात अभिरूप न्यायालयाला आज जी प्रतिष्ठा लाभली आहे ती अनाठायी आहे, असे कोणी म्हणणार नाही. भारतीय बार कौन्सिलच्या २००८ सालच्या विधिशिक्षण-नियमांनी हा अभ्यास सक्तीचा केला. शंभर गुणांच्या त्या विषयात अभिरूप न्यायालयाला तीस, प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणाला तीस, पक्षकाराची मुलाखत व खटल्यापूर्वीची तयारी यांना तीस आणि तोंडी परीक्षेला दहा अशी गुणांची वाटणी आहे. व्याख्यानात ऐकलेले कलम विद्यार्थ्याच्या ओठांवर बसते, परंतु ते वापरावे कसे हे त्याला तोवर कळत नाही जोवर कोणी समोर उभा राहून त्याचा प्रतिवाद करीत नाही. या दृष्टीने ही पद्धत उपकारकच आहे.

प्रश्न निराळा आहे. पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतील एकस्व, याचे उल्लंघन आणि त्याची अवैधता हे दोन विषय शिकविण्यास अभिरूप न्यायालयाचे रूढ स्वरूप पुरेसे आहे काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ते पुरेसे तर नाहीच, उलट या विषयाचे जे मर्म आहे नेमके तेच ते झाकून टाकते. मात्र यावरून पद्धतच टाकून द्यावी, असा निष्कर्ष निघत नाही. तिचे स्वरूप बदलले तर पेटंटइतका तिला अनुकूल विषय दुसरा क्वचितच सापडेल. या दोन्ही विधानांची उपपत्ती क्रमाने देण्याचा येथे यत्न केला आहे, आणि त्यासाठी आधार घेतला आहे तो बुलढाणा जिल्ह्याच्या काळ्या मातीत रोज दिसणाऱ्या एका पिकाचा.

२

रूढ अभिरूप न्यायालय हे वस्तुतः अपिलाच्या न्यायालयाचे रूप असते. स्पर्धकांच्या हाती एक छापील प्रकरण दिले जाते. त्यातील घटना निर्विवाद मानावयाच्या असतात. दोन्ही पक्षांनी त्या घटनांना कायदा लावून दाखवावयाचा आणि परीक्षकांनी भाषणाचे, संदर्भांचे व हजरजबाबीपणाचे गुण द्यावयाचे, अशी ही रीत आहे. साक्षीदार नसतो, म्हणून सरतपास नसतो आणि उलटतपासही नसतो. घटनात्मक प्रश्नांसाठी ही रीत चालते, कारण तेथे वाद बहुतांशी शब्दांच्या अर्थाचा व तत्त्वांच्या मर्यादेचा असतो.

पेटंटच्या वादात याच्या उलट स्थिती असते. त्यातील कायदा तुलनेने थोडा आहे. १९७० च्या पेटंट अधिनियमाचे कलम ४८ हक्क सांगते, कलम ६४ रद्द करण्याची कारणे सांगते, आणि कलम १०७ सांगते की यांपैकी प्रत्येक कारण उल्लंघनाच्या दाव्यात बचाव म्हणून मांडता येईल. एवढी चौकट एका तासिकेत समजते. समजत नाही ते तिच्या आतले. अर्जाच्या तारखेला त्या विद्येत निपुण असलेल्या माणसाला काय ठाऊक होते? जे नवे म्हणून सांगितले ते त्याला सहज सुचले असते काय? प्रतिवादीचे यंत्र किंवा द्रव्य पेटंटलेखातील शब्दांत बसते की नाही? हे तिन्ही प्रश्न पुराव्याचे आहेत. ते घटना म्हणून आधीच छापून दिले तर वादच संपतो. विद्यार्थ्याच्या हाती उरतो तो केवळ वक्तृत्वाचा अवशेष.

पितळी भांड्यांचा प्रसिद्ध खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कातावर भांडे धरून ठेवण्याच्या साधनातील सुधारणेसाठी मिर्झापूरच्या एका कारखान्याने १९५१ साली पेटंट घेतले होते. एकसदस्य न्यायाधीशांनी ते रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा उभे केले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने अखेर ते रद्दच ठरविले. कायद्याचे सूत्र तिन्ही ठिकाणी जवळपास एकच होते. फरक पडला तो साक्षीपुराव्यातून काय दिसते यावर: ही सुधारणा म्हणजे कारागिराची नेहमीची चलाखी, की तिच्यापलीकडची शोधकता? हा फरक छापील प्रकरणातून कधीही शिकविता येणार नाही.

३

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ. तिच्यासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा १८७० साली घातला गेला, यावरून तिचे महत्त्व ध्यानी यावे. त्याच मातीत २००२ नंतर बी.टी. कापूस आला. या बियाण्याच्या भारतातील प्रसाराशी ज्या महिको कंपनीचे नाव जोडलेले आहे ती जालन्याची, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यातील. बद्रीनारायण बारवाले यांनी ती १९६४ साली स्थापन केली. तेव्हा मॉन्सँटो विरुद्ध नुझिवीडू हा खटला दिल्लीत चालला असला तरी त्याचा विषय येथील प्रत्येक धुऱ्यावर उभा होता.

त्यातील प्रसंग थोडक्यात असा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूतील विष-प्रथिनाचे जनुक वनस्पतीत कार्यान्वित करण्यासंबंधीच्या पेटंटाचा अर्ज १९९९ साली झाला आणि ते २००८ साली मंजूर झाले. त्यातील काही मागण्या पद्धतीच्या होत्या. पंचवीस ते सत्तावीस या मागण्या मात्र प्रयोगशाळेत रचलेल्या जनुकक्रमाच्या होत्या. नुझिवीडू ही बियाणे कंपनी परवान्याखाली हे तंत्र वापरीत होती. मूल्यावरून तंटा झाला, २०१५ साली परवाना संपविण्यात आला, आणि त्यानंतर उल्लंघनाचा दावा दाखल झाला. प्रतिवादीने प्रतिदावा करून पेटंटच रद्द मागितले. त्याचे म्हणणे असे की, दात्या बियाण्यातील गुण आपल्या वाणात उतरविणे हे संकराचे, म्हणजे मूलतः जैविक प्रक्रियेचे काम आहे; बियाण्यात शिरलेला जनुकक्रम हा वनस्पतीचाच भाग होय; आणि कलम ३(जे) अन्वये वनस्पती, तिचे भाग, बियाणे व अशा जैविक प्रक्रिया पेटंटयोग्य नाहीत. वादीचे उत्तर असे की, मागणी बियाण्याची नसून मानवनिर्मित रासायनिक रचनेची आहे, निसर्गात तशी रचना कोठेही आढळत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ११ एप्रिल २०१८ रोजी प्रतिदावा मान्य करून त्या मागण्या अवैध ठरविल्या. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी तो निर्णय बाजूस सारून प्रकरण पुन्हा एकसदस्य न्यायाधीशांकडे चौकशीसाठी पाठविले. त्यामागील कारण आपल्या प्रतिपाद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जनुकक्रम वनस्पतीत गेल्यावर त्याचे काय होते, तो तिचा अविभाज्य घटक बनतो की वेगळा राहतो, हे तज्ज्ञांच्या साक्षीवाचून ठरविता येणार नाही. अंतरिम टप्प्यावर, तज्ज्ञांचा उलटतपास न होता, अशा गुंतागुंतीच्या तांत्रिक प्रश्नाचा झटपट निकाल लावणे युक्त नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने प्रत्यक्ष खटल्याविषयी जो आक्षेप घेतला तोच आपल्या रूढ अभिरूप न्यायालयाला जसाच्या तसा लागू पडतो. तेही पुराव्याविना, तज्ज्ञाविना, केवळ कलमाच्या शब्दांवरून पेटंट वैध की अवैध ते ठरवून मोकळे होते. जे न्यायालयाने करू नये म्हणून सांगितले, त्याचाच सराव आपण विद्यार्थ्यांकडून करून घेतो, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण असत्य ठरणार नाही.

४

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. पाठ्यक्रमात उल्लंघन हे एक प्रकरण असते आणि अवैधता हे दुसरे. अभिरूप न्यायालयातही बहुधा एका पक्षाकडे एक मुद्दा व दुसऱ्याकडे दुसरा अशी विभागणी होते. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न एकाच मागणीच्या अर्थावर टांगलेले असतात. प्रतिवादीचे उत्पादन कक्षेत यावे म्हणून वादी मागणीचा अर्थ रुंद करतो. तो रुंद केला की पूर्वज्ञात गोष्टीही त्याच कक्षेत येऊ लागतात आणि पेटंट अवैध होण्याचे भय उत्पन्न होते. म्हणून वैधतेच्या वेळी तो अर्थ आवळून घेतो. आवळला की प्रतिवादी निसटतो. एका इटालियन प्राध्यापकांनी यासाठी अंगोरा मांजराचा दृष्टांत दिला असून तो इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही उद्धृत केला आहे: हल्ला झाला की केस बसवून लहान होणारे, आणि स्वतः चाल करून जाताना केस फुलवून दुप्पट दिसणारे मांजर. दोन्ही प्रश्न एकाच न्यायालयापुढे, एकाच वेळी ठेवले तरच मांजराला एका मापात उभे करता येते. शिक्षणात ते विलग केले की विद्यार्थी सकाळी मोठे मांजर पाहतो, दुपारी लहान मांजर पाहतो, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कळतच नाही.

पुण्याच्या बजाज ऑटोचा टी.व्ही.एस. विरुद्धचा वाद याचे उत्तम उदाहरण होय. दुहेरी ठिणगीच्या इंजिनाचे हे पेटंट २००२ च्या अर्जावरून २००५ साली मंजूर झाले. त्याच्या मागणीचे घटक मोजता येतात: चार फेऱ्यांचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा, ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि विरळ मिश्रण पेटविण्यासाठी दोन स्पार्क प्लग. प्रतिपक्षाच्या गाडीत प्लग दोन होते, पण झडपा तीन होत्या. तेव्हा शोधाचे सार दोन प्लगांत आहे, की दोन झडपा व लहान सिलिंडर यांच्यासह झालेल्या संयोगात? सार दोन प्लगांत म्हणावे तर होंडाचे जुने अमेरिकी पेटंट पुढे उभे राहते. संयोगात म्हणावे तर तिसरी झडप आड येते. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकसदस्य न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम दिला. खंडपीठाने मे २००९ मध्ये तो उठविला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीस मुभा देऊन हिशेब ठेवण्यास व दावा त्वरेने निकालात काढण्यास सांगितले. तरीही अंतिम निकाल लागला नाही आणि २०१९ साली पक्षकारांनी वाद आपसांत मिटविला. अध्यापकाच्या दृष्टीने हे सुदैवच म्हणावयाचे. ज्याचे उत्तर कोठे छापलेले नाही असे प्रकरण वर्गात आणता येते, आणि खामगावच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकलीचे इंजिन कोणत्याही गॅरेजात उघडून प्लग व झडपा मोजता येतात.

५

बुलढाण्यात हा अभ्यास योजावयाचा तर एक स्थानिक वैशिष्ट्य विसरता कामा नये. कलम १०४ अन्वये उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाहून कनिष्ठ न्यायालयात चालत नाही. जिल्हा न्यायालयात मात्र तो दाखल होऊ शकतो. प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की तो दावा प्रतिदाव्यासह उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो, म्हणजे आपल्या बाबतीत नागपूर खंडपीठाकडे. अवैधतेचा केवळ बचाव घेतला तर असे स्थलांतर कलमाच्या शब्दांनुसार होत नाही. तेव्हा बचाव घ्यावा की प्रतिदावा करावा, हा निर्णय केवळ तांत्रिक नव्हे. त्यावर न्यायालय, खर्च, अंतर आणि भाषा ही सारी अवलंबून आहेत.

भाषेचा मुद्दा तर विशेष विचारणीय आहे. महाराष्ट्रातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी. उच्च न्यायालयाची इंग्रजी. पेटंटलेख मात्र इंग्रजी किंवा हिंदी याच भाषांत दाखल होतो. त्यामुळे जिल्हा न्यायालयात मागणीचे मराठी भाषांतर पुढे आले की त्या भाषांतरातच अर्थनिर्णय दडलेला असतो. इंग्रजीतील एक क्रियापद 'या घटकांचा समावेश असलेले' असा अर्थ देते व आणखी घटकांना वाव ठेवते. दुसरे 'एवढ्याच घटकांचे बनलेले' असे सांगून दार बंद करते. मराठीत दोहोंसाठी 'असलेले' एवढेच लिहिले, तर तिसऱ्या झडपेचा सारा वाद भाषांतरकाराच्या लेखणीतच निकालात निघाला म्हणावयाचा. आणखी एक अडचण परिभाषेची. आपण न्यायालयातल्या फिर्यादीला 'दावा' म्हणतो आणि पेटंटलेखाच्या शेवटच्या क्रमांकित कलमांनाही पुष्कळदा 'दावा'च म्हणतो. 'दाव्यात दावा क्रमांक पंचवीस अवैध आहे' या वाक्याने कोणाचा बोध होणार? या लेखात त्यासाठी 'मागणी' हा शब्द योजिला आहे. याहून चांगला कोणी सुचविल्यास तो स्वागतार्ह आहे. मुद्दा एवढाच की, मराठीतून चालविलेली अभिरूप कार्यवाही ही इंग्रजी कार्यवाहीची दुय्यम प्रत नव्हे. मागणीचे दोन स्वतंत्र भाषांतर-पाठ वादी व प्रतिवादी यांनी तयार करावेत आणि पहिली सुनावणी त्यांवरच व्हावी. अर्थनिर्णयाचे याहून चांगले शिक्षण दुसरे नाही.

६

अवैधतेच्या कारणांत एक असे आहे की, ज्याच्या अध्यापनासाठी ग्रामीण जिल्हा हा शहराहून अधिक समृद्ध आहे. कलम ६४ च्या अखेरच्या कारणानुसार, भारतातील किंवा अन्यत्र कोणत्याही स्थानिक समाजात तोंडी वा अन्य प्रकारे उपलब्ध असलेल्या ज्ञानामुळे शोध पूर्वज्ञात ठरत असेल तर पेटंट रद्द होऊ शकते. हळदीच्या प्रकरणाशी हे ताडून पाहावे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ साली दिले गेले व डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयत्नाने ते १९९७ साली रद्द झाले. परंतु तेव्हाच्या अमेरिकी कायद्याला परदेशातील केवळ तोंडी ज्ञान चालत नव्हते. म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे करावा लागला. घरोघरच्या आजीला जे ठाऊक होते ते कागदावर सापडले म्हणूनच कामास आले.

आपल्या कायद्याने आजीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येण्याची वाट मोकळी केली आहे. तिची साक्ष कशी नोंदवावी हे मात्र शिकावे लागेल. 'आम्ही पूर्वीपासून असेच करतो' या उत्तरातील 'पूर्वीपासून' म्हणजे कोणत्या वर्षापासून? 'असेच' म्हणजे किती प्रमाणात, कोणत्या क्रमाने? अर्जाच्या तारखेपूर्वीचे ज्ञान आणि नंतर ऐकलेले ज्ञान वेगळे कसे काढावे? या प्रश्नांची उत्तरे सभ्यपणे, साक्षीदाराला न घाबरविता काढणे ही कला कोणत्याही ग्रंथात नाही.

याच जिल्ह्यातील लोणारचे सरोवर दुसरा पाठ पुरविते. बेसॉल्ट खडकातील उल्काघाताने झालेल्या विवरातील हे खारे, अल्कधर्मी पाणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचे आवडते क्षेत्र आहे. समजा, त्यातील एखादा जीवाणू कोणी वेगळा केला. तो जसा आहे तसा सापडला असेल तर कलम ३(सी) आड येते, कारण निसर्गातील सजीवाचा नुसता शोध लागणे म्हणजे पेटंटयोग्य शोध लावणे नव्हे. त्याच्यापासून विकर काढण्याची नवी प्रक्रिया असेल तर प्रश्न निराळा होतो. नुसते सापडणे कोठे संपते व घडविणे कोठे सुरू होते, ही सीमारेषा काठावर उभे राहून जितकी स्पष्ट दिसते तितकी वर्गात दिसणार नाही.

७

या पद्धतीविरुद्ध तीन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप वेळेचा. साक्षीपुराव्यासह कार्यवाही म्हणजे सत्राचे अर्धे आयुष्य. तो खरा आहे. परंतु उत्तर संख्येत आहे. दरवर्षी पाच प्रकरणे वरवर करण्यापेक्षा एकच प्रकरण मुळापासून करावे: वादपत्र, कैफियत व प्रतिदावा, मग भाषांतर व अर्थनिर्णय, मग तज्ज्ञांचा सरतपास व उलटतपास, आणि शेवटी युक्तिवाद.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. कायद्याच्या विद्यार्थ्याला जनुकशास्त्र किंवा इंजिन कोठून येणार? येथेच पद्धतीचे खरे मूल्य आहे. तज्ज्ञाची भूमिका विधिशाखेच्या विद्यार्थ्याने करूच नये. ती विज्ञान व कृषी शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी करावी. वकिलाला समजेल असे सांगण्याचा यत्न करताना त्यांना आपलाच विषय नव्याने कळतो, आणि वकिलाला आपले अज्ञान कळते. याशिवाय एक गल्लतही उलटतपासात उघडी पडते. गुलाबी बोंडअळीने बी.टी. कपाशी पोखरली म्हणून पेटंट अवैध, असे शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्याला मनापासून वाटते. उपयुक्ततेचा अभाव हे अवैधतेचे एक कारण आहे खरे. पण पेटंटलेखाने ज्या उपयोगाचे आश्वासन दिले तो साधत होता की नाही, हा प्रश्न एक, आणि वर्षांनंतर अळीने प्रतिकारशक्ती मिळविली, हा प्रश्न दुसरा. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे म्हणून प्रत्येक कायदेशीर मुद्दा त्याच्या बाजूचा होत नाही. आणि याच्या उलट, पेटंट वैध ठरले म्हणून शेतकऱ्याचे सारे हक्क संपत नाहीत. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण अधिनियमाने त्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व नाममुद्रेवाचून विकण्याचा हक्क निराळा दिला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अभिरूप न्यायालय विद्यार्थ्याला जिंकावयास शिकविते, न्याय करावयास नाही. रूढ स्पर्धांविषयी हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. त्यावर उपाय एकच दिसतो. मध्यंतरात पक्षांची अदलाबदल करावी, म्हणजे ज्याने मागणी रुंद केली त्यालाच ती आवळावी लागेल. आणि शेवटी चषकाऐवजी प्रत्येकाकडून निकालपत्र लिहवून घ्यावे. गुण वक्तृत्वाला न देता त्या निकालपत्राला द्यावेत. त्यात हरलेल्या पक्षाचा सर्वांत बलवान मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडलेला असावा, अशी अट घालावी.

या आग्रहामागे केवळ अध्यापनाची हौस नाही. पेटंट मंजूर झाले म्हणजे ते वैध आहे अशी हमी शासन देत नाही, असे कलम १३ स्पष्ट सांगते. ती परीक्षा अखेर न्यायालयातच होते. तेथे वकील कच्चा निघाला तर एकतर खऱ्या संशोधकाचे वर्षानुवर्षांचे श्रम कोणीही उचलून नेतो, किंवा जे सर्वांचे होते ते एकाच्या नावावर चढून त्याची किंमत बियाण्याच्या पिशवीमागे अथवा औषधाच्या गोळीमागे लोकांना मोजावी लागते. चूक कोणत्याही बाजूने झाली तरी तिचा भार न्यायालयाबाहेरच्या माणसावर पडतो. ज्या जिल्ह्यात हा भार दर जूनमध्ये पेरणीच्या वेळी प्रत्यक्ष दिसतो, तेथील विद्यार्थ्याने तरी पेटंटचा कायदा पुस्तकातील घटना खऱ्या मानून शिकू नये. त्या घटना खऱ्या आहेत काय, असे विचारण्यापासून त्याच्या शिक्षणास प्रारंभ व्हावा.